खिडकीच्या खाचेतली धूळ: बाल्टिमोरची घरे आणि आरोग्यातली वांशिक दरी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरीलँड राज्यातले बाल्टिमोर हे शहर आपल्याकडे मुख्यतः जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि त्याच्या रुग्णालयामुळे ठाऊक आहे. गुंतागुंतीचे आजार घेऊन जगभरातून रुग्ण ज्या शहरात येतात, त्याच शहरातल्या दोन वस्त्यांच्या सरासरी आयुर्मानात सुमारे २० वर्षांचा फरक आढळतो. उत्तरेकडच्या रोलँड पार्कसारख्या झाडीच्या आणि बहुतांश श्वेतवर्णीय वस्तीत जन्मलेले मूल ऐंशी सहज ओलांडेल, असे आकडेवारीवरून म्हणता येते. तेथून अवघ्या काही किलोमीटरवर, जिथले जवळजवळ सगळे रहिवासी कृष्णवर्णीय आहेत अशा पश्चिम बाल्टिमोरच्या काही वस्त्यांत मात्र सत्तरी गाठणेही अनेकांच्या नशिबी नसते.

या दरीचे कारण सांगताना सहसा तीन गोष्टी पुढे केल्या जातात: आनुवंशिकता, सवयी आणि डॉक्टरपर्यंत पोहोचण्यातली अडचण. पहिले कारण टिकत नाही, कारण रस्ता ओलांडला की माणसाची जनुके बदलत नाहीत. तिसऱ्यात तथ्य आहे, पण पूर्व बाल्टिमोरमधील कित्येक गरीब कुटुंबे हॉपकिन्सच्या दारापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहत आली आहेत आणि तरीही आजारी पडत आली आहेत. सवयींबद्दल पुढे बोलायचेच आहे. मिळकत, आहार, बेकारी, हिंसा, अमली पदार्थ या सगळ्यांचा आयुर्मानावर परिणाम होतो, हे मान्य करूनच या लेखात एकाच धाग्याचा मागोवा घ्यायचा आहे, तो म्हणजे घर. घराची भिंत, खिडकी, छत आणि शेजारचे रिकामे घर माणसाच्या रक्तात आणि फुप्फुसात कसे शिरते, आणि ते नेमके कोणाच्या शरीरात शिरणार हे आधीच कसे ठरून गेलेले असते, हा प्रश्न आहे.

बाल्टिमोरचे नमुनेदार घर म्हणजे विटांचे, दोन किंवा तीन मजली, अरुंद तोंडाचे रो-हाऊस. अशी दहा-वीस घरे एका ओळीत एकमेकांना चिकटून उभी असतात. पुढे पांढऱ्या संगमरवराच्या तीन-चार पायऱ्या, मागे लहानसे अंगण आणि त्यामागे बोळ. दोन घरांमधली भिंत सामाईक असते. जुन्या वस्त्यांतली बहुतेक घरे १९५० पूर्वीची आहेत, आणि त्या काळच्या चांगल्या रंगात शिसे असे. ते कमी प्रतीच्या रंगात भेसळ म्हणून येत नव्हते. उलट रंग जितका महाग, तितके त्यात शिसे जास्त, आणि काही रंगांच्या सुकलेल्या थरात ते वजनाच्या निम्म्यापर्यंत भरे. ‘व्हाइट लेड’ हा शिशाचा सफेदा तेलात कालवला की रंग दाट बसतो, पुसता येतो, वर्षानुवर्षे टिकतो. घर रंगवणाऱ्याच्या दृष्टीने यात काहीच वावगे नव्हते.

इथे थोडे विषयांतर करतो. आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो तिच्यात शिसे औषधालाही नसते, ते ग्राफाइट असते. शाळेत पेन्सिल चघळणाऱ्या मुलांच्या आयांनी त्याची काळजी करू नये. याउलट मारुतीला फासला जाणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे, आणि प्रतिस्पर्धी गवयाला विड्यातून शेंदूर खाऊ घालून त्याचा आवाज घालवल्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकत आलो आहोत, त्यांमागे शिसे विषारी असल्याची लोकांना पिढ्यान्‌पिढ्या असलेली जाणीव आहे. बाल्टिमोरच्या खिडक्यांवर तोच धातू दुसऱ्या रूपात, पांढरा होऊन बसला होता.

आता ती खिडकी जवळून पाहू. जुन्या रो-हाऊसची खिडकी आपल्या खिडकीसारखी बाहेर उघडत नाही. लाकडी चौकटीत काचेची दोन तावदाने एकापुढे एक बसवलेली असतात आणि खालचे तावदान खाचेतून वर सरकवले की खिडकी उघडते. प्रत्येक वेळी ती वरखाली करताना लाकडावर लाकूड घासते आणि त्यावरचे रंगाचे जुने थर पिठासारखे झडतात. हे पीठ खालच्या खाचेत साचते, तिथून आतल्या पट्टीवर येते आणि वाऱ्याच्या झुळकीने जमिनीवर उतरते. दीड वर्षांच्या मुलाची उंची नेमकी त्या पट्टीच्या बेताची असते. बाहेरची गंमत बघायला ते तिथे उभे राहते, पट्टीला हात टेकते, काही वेळा दातही लावते आणि मग तीच बोटे तोंडात घालते. भिंतीचे मोठे पोपडे उचलून खाणारी मुले असतातच, पण शिशाची बहुतेक बाधा होते ती डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या या धुळीतून.

ही धूळ किती पुरते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ साली जमिनीवरील धुळीसाठी धोक्याची जी मर्यादा ठरवली, ती होती एका चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम शिसे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे एक ग्रॅम शिशाची पूड २५ हजार चौरस फूट जागेवर सारखी पसरली, तरी त्या साऱ्या जागेत मर्यादा गाठली जाते. पाचशे चौरस फुटांच्या पन्नास सदनिका भरायला एक ग्रॅम पुरे. ही मर्यादाही पुढे कितीतरी कडक करण्यात आली. एका जुन्या खिडकीवर किती ग्रॅम शिसे असेल, याचा अंदाज वाचकाने स्वतःच करावा.

शरीर शिशाला फसते, कारण ते कॅल्शियमसारखे वागते. वाढीच्या वयातल्या मुलाचे आतडे कॅल्शियमसाठी आसुसलेले असते. प्रौढ माणूस गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषून घेत असेल, तर लहान मूल निम्म्यापर्यंत शोषते. पोट रिकामे असले किंवा आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असले तर हे प्रमाण आणखी वाढते, म्हणजे कुपोषित मुलाला तीच धूळ अधिक बाधते. रक्तातून शिसे मेंदूत जाते आणि चेतापेशींच्या परस्परसंदेशांत ढवळाढवळ करते. उरलेले हाडांत जाऊन बसते आणि दशकानुदशके तिथे राहते. पुढे ती मुलगी गरोदर राहिली की हाडांतले कॅल्शियम बाहेर पडते तसे शिसेही पडते आणि गर्भापर्यंत पोहोचते. मात्रा फार मोठी असेल तर झटके येतात, बेशुद्धी येते, मृत्यूही येतो. पण बहुसंख्य मुलांमध्ये बाहेरून काहीच दिसत नाही. बुद्ध्यंक काही अंकांनी उतरतो, लक्ष लागत नाही, रागावर ताबा राहत नाही, आणि शाळेतले गुरुजी ‘हे मूल ऐकत नाही’ असा शेरा मारतात. अमेरिकी डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतले शिसे मोजून दाखवले, की कोणतीही लक्षणे नसलेल्या मुलांमध्येही शिसे जास्त असेल तर बुद्ध्यंक आणि वर्गातले लक्ष दोन्ही खालावलेले असतात.

हे सगळे कळायला उशीर झाला, असे समजायचे कारण नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ सालीच रंगवलेले कठडे आणि भिंती हे मुलांच्या शिसेबाधेचे मूळ असल्याचे लिहिले होते. बाल्टिमोरच्या हॉपकिन्समध्ये १९१४ साली पाच वर्षांच्या एका मुलाच्या शिसेबाधेचा अहवाल प्रसिद्ध झाला. घरांच्या आतल्या रंगात शिशाचा सफेदा वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय करार १९२१ साली झाला आणि युरोपातल्या अनेक देशांनी तो मान्य केला. अमेरिकेने केला नाही. १९३२ साली, मंदीच्या ऐन कडाक्यात, बाल्टिमोरमधील गरीब कुटुंबांनी भंगारवाल्यांकडून मिळणारी मोटारीच्या बॅटऱ्यांची लाकडी खोकी सरपण म्हणून चुलीत घातली आणि त्या धुराने घरेच्या घरे आजारी पडली. आरोग्य आयुक्त हंटिंग्टन विल्यम्स यांनी त्याचा छडा लावला, आणि तेव्हापासून या शहराने शिशाकडे अमेरिकेतल्या इतर कोणत्याही शहरापेक्षा जास्त लक्ष दिले. घराच्या आतल्या रंगात शिशाला बंदी घालणारे ते अमेरिकेतले पहिले शहर, वर्ष १९५१. देशभरातली बंदी येईपर्यंत १९७८ उजाडले. (भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्षांत ९० भाग इतकी ठरवणारे नियम २०१६ साली आले आणि पुढच्या वर्षी लागू झाले, त्यापूर्वी रंगवलेल्या भिंती आपल्याकडेही उभ्याच आहेत.)

बंदी नव्या डब्यातल्या रंगावर होती. भिंतीवर आधीच असलेल्या रंगाचे काय करायचे, हे तिने सांगितले नाही, आणि त्या भिंतींआड पुढे कोण राहणार हे दुसऱ्याच कायद्यांनी ठरवले होते.

१९१० साली डब्ल्यू. अॅशबी हॉकिन्स या कृष्णवर्णीय वकिलांनी मॅकुलो स्ट्रीटवर, श्वेतवर्णीयांच्या ओळीत, एक घर विकत घेतले आणि त्यांचे भागीदार व मेहुणे जॉर्ज मॅकमेकन तिथे सहकुटुंब राहायला गेले. मॅकमेकन येल विद्यापीठातून कायदा शिकून आलेले होते. शेजाऱ्यांनी गहजब केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये महापौर जे. बॅरी महूल यांनी अमेरिकेतल्या अशा पहिल्याच अध्यादेशावर सही केली: ज्या ओळीत बहुसंख्य रहिवासी श्वेतवर्णीय आहेत तिथे कृष्णवर्णीयाने राहायला जायचे नाही, आणि उलटही तसेच. ‘उलटही’ हे शब्द कागदावर समतोल राखायला घातले होते. या अध्यादेशाच्या समर्थनात आरोग्याचेही कारण पुढे केले जात होते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या एका दाट वस्तीला क्षयरोगामुळे ‘लंग ब्लॉक’ म्हणजे फुप्फुसांची आळी असे नाव पडले होते. जॅनेट केम्प यांच्या १९०७ च्या पाहणीने बिडल अॅलीसारख्या बोळांतली ओल, अंधार आणि सांडपाणी यांचे सविस्तर वर्णन केले होते. रोग ओलसर, कोंदट खोलीमुळे पसरतो, हे समोर असूनही अनेकांनी निष्कर्ष काढला तो असा, की रोग त्या माणसांबरोबर येतो, म्हणून माणसांनाच तिथे कोंडावे. कोंडल्यावर गर्दी वाढली, भाडी वाढली, आणि क्षय होता तिथेच राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली केंटकीतल्या एका खटल्यात असे अध्यादेश घटनाबाह्य ठरवले. मग तेच काम खरेदीखतातल्या अटींनी केले: हे घर कृष्णवर्णीयास विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. अशा अटी न्यायालये बजावणार नाहीत, हे ठरायला १९४८ साल यावे लागले. दरम्यान १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहराशहरांचे नकाशे रंगवले. बाल्टिमोरचा नकाशा १९३७चा. हिरवी वस्ती उत्तम, मग निळी, मग पिवळी, आणि लाल वस्ती कर्ज देण्यास धोकादायक. वस्तीत कृष्णवर्णीयांचा ‘शिरकाव’ आहे का, याचा नकाशासोबतच्या नोंदपत्रकात वेगळा रकाना होता. वस्त्या अशा लाल ठरवण्याची, म्हणजे ‘रेडलायनिंग’ची, आज पुष्कळ चर्चा होते, आणि माझ्या मते सगळे खापर त्या एका नकाशावर फोडणे थोडे सोपे होऊन बसले आहे. अधिक नुकसान केले ते १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने. बँकांच्या गृहकर्जांना ते विमा देई, आणि त्याच्या नियमपुस्तकात वांशिक अटी असलेल्या वस्त्यांना झुकते माप होते. युद्धानंतर उपनगरांत नवी, शिसेमुक्त होत चाललेली घरे उभी राहिली ती या विम्याच्या आधारावर, आणि ती घेता आली प्रामुख्याने श्वेतवर्णीयांना.

त्यांनी मागे सोडलेली जुनी रो-हाऊसे कृष्णवर्णीयांच्या वाट्याला आली, तीही सरळ व्यवहाराने नव्हे. ‘कृष्णवर्णीय येणार, भाव कोसळणार’ अशी आवई उठवून दलाल श्वेतवर्णीयांकडून घरे पडत्या भावात घेत आणि ज्यांना बँक कर्ज देत नाही अशा कृष्णवर्णीय कुटुंबांना चढ्या भावात, हप्त्यांच्या कराराने विकत. पश्चिमेकडच्या एडमंडसन व्हिलेज या वस्तीतली लोकसंख्या १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत अशी जवळजवळ पूर्ण बदलली. हप्त्याच्या करारात अखेरचा पैसा फिटेपर्यंत घर नावावर होत नसे आणि हप्ता चुकला की घरही जाई आणि भरलेली रक्कमही. अशा घरात राहणारे कुटुंब पगारातला मोठा वाटा हप्त्यात घालते. खिडक्या बदलायला, छत डांबरायला, नळ दुरुस्त करायला काही उरत नाही. रंगाचे पोपडे सुटतात ते बहुधा छत गळून भिंतीत पाणी मुरल्यावर. म्हणजे शिसे भिंतीवर असणे ही एक गोष्ट आणि ते सुटून मुलाच्या तोंडात जाणे ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये दुरुस्तीचा पैसा उभा असतो. रोलँड पार्कमधल्या जुन्या बंगल्यांनाही शिशाचाच रंग होता, पण तिथे तो दर काही वर्षांनी नव्या रंगाखाली गाडला जाई.

भाड्याच्या घराचे गणित आणखी विचित्र आहे. वस्तीला कर्ज मिळत नसले की घराची किंमत पडते. घराची किंमतच जर खिडक्या बदलणे, छत करणे आणि शिसे काढणे यांच्या खर्चाहून कमी झाली, तर कोणताही हिशेबी मालक दुरुस्ती करत नाही. तो जमेल तितकी वर्षे भाडे घेतो आणि शेवटी घर सोडून देतो. भाडेकरूने तक्रार केली तर घर खाली करायची भीती असते, आणि खाली केले तरी त्याच भाड्यात दुसरे घर मिळते ते तसेच.

या सगळ्याचा दोष मात्र बराच काळ आईच्या माथी मारला गेला. मूल अखाद्य वस्तू खाते ही त्याची सवय, आणि आईचे लक्ष नाही हा तिचा हलगर्जीपणा, असे मानले जाई. शिसे उद्योगाच्या संघटनेतली माणसेही विसाव्या शतकाच्या मध्यावर हेच म्हणत होती, की प्रश्न झोपडपट्ट्यांचा आणि शिकवूनही न शिकणाऱ्या पालकांचा आहे. सवयींचे जे कारण सुरुवातीला बाजूला ठेवले होते ते हेच. दीड वर्षांचे मूल जगात कुठेही बोटे तोंडात घालते. ओल्या फडक्याने पट्टी रोज पुसणाऱ्या आईच्या घरातही खिडकी दुसऱ्या दिवशी उघडतेच.

हॉपकिन्समधील बालरोगतज्ज्ञ जे. ज्युलियन चिझम यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिसेबाधित मुलांवरचे उपचार विकसित केले. शिशाला धरून ते लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या औषधांनी मरणाच्या दारातली मुले परत आणता येऊ लागली. पण वाचलेल्या मुलाला बरे वाटल्यावर पाठवायचे कुठे, तर त्याच घरी. काही महिन्यांनी तेच मूल पुन्हा तशाच अवस्थेत येई, आणि मेंदूची एकदा झालेली हानी औषधाने भरून निघत नाही. औषध चांगले निघाले, तरी घर बदलल्याशिवाय ते अर्धवट आहे, हे त्यांनी वारंवार सांगितले.

मग कमी खर्चात घर कितपत सुरक्षित करता येईल, हे शोधायला १९९०च्या दशकात हॉपकिन्सशी संलग्न केनेडी क्रीगर संस्थेने एक अभ्यास केला. वेगवेगळ्या खर्चाच्या मर्यादेत, वेगवेगळ्या प्रमाणात शिसे काढलेल्या घरांमध्ये लहान मुले असलेली कुटुंबे राहिली आणि मुलांचे रक्त ठरावीक काळाने तपासले गेले. संशोधकांची बाजू अशी, की संपूर्ण शिसे काढायची सक्ती केली तर मालक घरे टाकून देतील, म्हणून परवडणारा उपाय शोधणे भाग आहे आणि या घरांत निदान काही काम तरी झालेले होते. मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली या अभ्यासावरून झालेल्या खटल्यात संशोधकांवर कडक ताशेरे ओढले आणि अभ्यासाची तुलना टस्कगीमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न देता चालवलेल्या सिफिलिसच्या कुप्रसिद्ध अभ्यासाशी केली. दोन्ही बाजू वाचल्यावर मला खटकते ते एवढेच, की घर सुरक्षित आहे की नाही हे मोजायचे उपकरण म्हणून मुलाचे रक्त वापरले गेले. आणि ही पद्धत त्या एका अभ्यासापुरती नव्हती. शहराची नेहमीची व्यवस्थाही बराच काळ तशीच चालत होती.

शिशाबद्दल इतके लिहिल्यावर वाटेल की घराचा दोष शिशापुरताच आहे. तसे नाही, दम्याची गोष्टही त्याच भिंतीत आहे. बाल्टिमोरमध्ये अलीकडच्या वर्षांत सुमारे १३ हजार घरे रिकामी पडलेली होती, आणि रो-हाऊसमध्ये शेजारचे घर रिकामे असणे म्हणजे काय, हे सामाईक भिंतीमुळे कळते. पलीकडच्या घराचे छत कोसळले की पावसाचे पाणी भिंतीत मुरते आणि अलीकडच्या घरात ओल येते. अलीकडच्या माणसाने आपले छत कितीही नीट ठेवले तरी त्याला पलीकडच्या घरात जाऊन दुरुस्ती करता येत नाही, कारण ते दुसऱ्याच्या मालकीचे आहे आणि तो मालक सापडत नाही. ओलीवर बुरशी वाढते. रिकाम्या घरातले उंदीर आणि झुरळे विटांच्या फटींतून, नळांच्या भोकांतून ये-जा करतात. झुरळांची विष्ठा आणि झडलेले अवशेष, उंदरांच्या मुतातली प्रथिने यांची धूळ गादीत आणि गालिच्यात बसते, आणि ज्याला तिचे वावडे असते त्या मुलाच्या श्वासनलिका सुजतात. बाल्टिमोरसह अमेरिकी शहरांतल्या आठ दाट वस्त्यांत झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झुरळांची ॲलर्जी असलेल्या आणि झोपण्याच्या खोलीत त्यांचे प्रमाणही जास्त असलेल्या मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण इतर मुलांच्या तुलनेत ३.४ पट निघाले. बाल्टिमोरच्या आतल्या वस्त्यांत पुढे झालेल्या संशोधनात उंदरांची प्रथिने जवळजवळ प्रत्येक घरात सापडली. अमेरिकेत दम्याने मरणाऱ्या मुलांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या कित्येक पटींनी जास्त आहे. इनहेलर दोघांनाही तोच मिळतो; रात्री गादी मात्र वेगवेगळी असते.

उन्हाळ्याचेही तसेच. डांबरी सपाट छताखालची वरची खोली, झाड नसलेला रस्ता, आणि विटांची रात्रभर धग सोडणारी ओळ. १०८ अमेरिकी शहरांच्या २०२०च्या एका अभ्यासात कर्जाच्या नकाशांवर एकेकाळी लाल रंगवलेल्या वस्त्या इतर वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सियसने अधिक तापतात, असे आढळले.

हा प्रश्न गरिबीचा म्हणावा की वंशाचा, असे कोणी विचारील. गरीब श्वेतवर्णीय मुलांनाही शिसे बाधतेच. पण राष्ट्रीय पाहण्यांत घरच्या उत्पन्नाचा फरक लक्षात घेऊनही कृष्णवर्णीय मुलांच्या रक्तातले शिसे जास्त भरते, आणि त्यात गूढ काही नाही. मॅकमेकन यांच्याकडे शिक्षण होते, व्यवसाय होता आणि घरात राहण्याइतका पैसाही होता. तरी त्यांना अडवण्यासाठी कायदा करण्यात आला. चांगला पगार असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबालाही पन्नास-साठ वर्षे ठरावीक वस्त्यांतलीच घरे मिळत होती, आणि घरे वारशाने पुढच्या पिढीकडे जातात तेव्हा त्यांची खिडकीही जाते.

पूर्व बाल्टिमोरमधील बाधित मुलांच्या पालकांनी १९८६ साली ‘पेरेंट्स अगेन्स्ट लेड’ हा गट काढला, आणि अशा रेट्यातून मेरीलँडने १९९४ साली भाड्याच्या जुन्या घरांसाठी कायदा केला. भाडेकरू बदलताना मालकाने शिशाचा धोका कमी करायचा, तपासणी करून घ्यायची, घराची नोंद करायची. बाधित मुलांची संख्या त्यानंतर नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. सार्वजनिक आरोग्यात इतके स्पष्ट यश क्वचितच दिसते, आणि ते औषधाने नव्हे तर खिडक्यांच्या दुरुस्तीने मिळाले. उरलेली मुले पुन्हा त्याच वस्त्यांत सापडतात. जी आधीच बाधित झाली, त्यांपैकी काहींना न्यायालयांतून भरपाई मिळाली. ती वर्षानुवर्षे थोडीथोडी येई आणि बाल्टिमोरमध्ये तिला ‘लेड चेक’ म्हणत. पुढे काही कंपन्यांनी या भावी हप्त्यांचे हक्क रोख रकमेच्या मोबदल्यात, मूळ मूल्याच्या अगदी लहान अंशात विकत घेतल्याचे २०१५ साली उघडकीस आले. करारावर सह्या करणाऱ्यांपैकी काहींना, लहानपणच्या शिसेबाधेमुळेच, तो करार धड वाचताही येत नव्हता. त्याच वर्षी पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मरण पावलेला, पश्चिम बाल्टिमोरच्या सँडटाउनमध्ये वाढलेला फ्रेडी ग्रे हाही लहानपणी शिसेबाधित होता. त्याच्या कुटुंबाने घरमालकावर लावलेला दावा आधीच तडजोडीने मिटला होता.

घर सुधारण्याऐवजी कुटुंबच हलवले तर काय होते, याचेही उत्तर याच शहरात मिळाले. सरकारी घरांतल्या वांशिक विभाजनाविरुद्ध १९९५ साली दाखल झालेल्या खटल्यातून एक योजना उभी राहिली, जिच्यात कुटुंबांना कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी भाड्याचे साहाय्य आणि सल्ला मिळतो. दमा असलेल्या १२३ मुलांचा त्यात पाठपुरावा केला गेला आणि निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले: दोन आठवड्यांत त्रासाचे सरासरी ५.१ दिवस असत, ते २.७ वर आले, आणि दम्याचे जोरदार झटके निम्म्याहून कमी झाले. दम्याच्या चांगल्या औषधांशी तुलना व्हावी असा हा परिणाम आहे. पण हलवता येणारी कुटुंबे काही हजार, आणि मागे राहिलेल्या ओळी लांबच लांब.

रक्तात किती शिसे आले म्हणजे काळजी करायची, ही मर्यादा १९६०च्या दशकात डेसीलिटरला, म्हणजे १०० मिलिलिटर रक्ताला, ६० मायक्रोग्रॅम होती. ती टप्प्याटप्प्याने १९९१ साली १०, २०१२ साली ५ आणि २०२१ साली ३.५ वर आली, आणि सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही हेही मान्य झाले. मेरीलँडमध्ये २०१६ पासून प्रत्येक मुलाची पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी शिशासाठी रक्ततपासणी करायची असते. घराची तपासणी त्याहून साधी आहे. तपासनीस हातमोजे घालून एक ओले पुसणे घेतो, खिडकीच्या पट्टीचा मोजलेला तुकडा त्याने पुसतो, दुसऱ्याने खालची खाच, तिसऱ्याने जमीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या नळ्यांत बंद करून प्रयोगशाळेत धाडतो. मालक स्वतः राहत असलेल्या जुन्या घराला, म्हणजे आजीने हप्ते फेडून मिळवलेल्या आणि आता नातवंडे खेळत असलेल्या त्या रो-हाऊसला, १९९४चा कायदा लागू होत नाही. तिथे तपासनीस येतो तो बहुधा मुलाच्या रक्ताचा अहवाल आल्यावर.